वाखाच्या दोराचा काटकोन

आमच्या शाळेचं कबड्डीचं मैदान लहान झालं ते माझ्यामुळं. दोर मी भिजवला. घायपाताच्या वाखाचा नवा दोर अण्णा, म्हणजे माझे वडील, भिजवल्याशिवाय बैलाला बांधत नसत. भिजला की मऊ पडतो, हाताला टोचत नाही. रहिमान मुलाणी सरांनी मैदान आखायचा दोर माझ्याकडं सोपवला, तेव्हा मीही त्याची तीच बडदास्त ठेवली. रात्रभर हौदात बुडवला. सरांनी त्याला आधीच मीटर-मीटरवर गाठी मारल्या होत्या, एवढं ध्यानात राहिलं नाही. वाखाचा दोर भिजला की आखडतो. गाठी होत्या तेवढ्याच राहिल्या, मीटर तेवढे लहान झाले.

मुलाणी सर मूळचे कोरेगावकडचे. पलूसजवळच्या आमच्या हायस्कूलमध्ये नववीला भूमिती शिकवायचे. अंगानं काटक, मिशी जाड, आणि सायकलच्या दांडीला कायम एक लाकडी गुण्या अडकवलेला. कुणाच्या घरी चहाला गेले तरी बोलता बोलता त्यांचा हात वितीवितीनं टेबलाच्या कडेवरून चालायला लागायचा. त्यांच्या बायको, सुरय्याकाकू, म्हणायच्या, "आवं, आधी चहा घ्या. टेबल कुठं पळून चाललंय?" नववीत आल्याबरोबर प्रत्येकानं आपली वीत मोजून पाठ करायची, हा त्यांचा दंडक. माझी एकोणीस सेंटिमीटर. आता वाढली असेल; पण सरांनी पुन्हा मोजायला सांगितलेलं नाही.

त्यांचा तास बहुतेक वर्गाबाहेरच व्हायचा. सावलीवरून झाडाची उंची, परिघावरून विहिरीचा व्यास. हेडमास्तरांना ते बघवत नसे. "मुलाणी, भूमिती बाकावर बसूनबी हुती," म्हणायचे. शहाण्णव साली तालुक्याच्या कबड्डी स्पर्धा आमच्याकडं आल्या, तेव्हा सर म्हणाले, "मैदान माझी नववी आखंल."

"आखा की," हेडमास्तर म्हणाले. "चुकलं तर मात्र तुमचा तास चार भिंतीत. कायमचा."

"चालंल."

तीन, चार आणि पाच मीटरच्या बाजूंचा त्रिकोण ताणला की काटकोन होतो, हे आम्ही पायथागोरसच्या प्रमेयात शिकलो होतो. स्पर्धेच्या दिवशी सकाळी आम्ही तसेच कोपरे धरले, चुन्याची फक्की टाकली. रेषा बघून आमच्याच डोळ्यांना बरं वाटलं. तेवढ्यात शेजारच्या गावची टीम आली. त्यांचे कोच भाऊसो टेप खिशात घालूनच हिंडायचे. त्यांनी लांबी मोजली, रुंदी मोजली.

"सर, मैदान पोरींचं आखलंय का काय? लांबीला पाऊण मीटर कमी हाय."

सरांनी दोर हातात घेतला. "ओला का हाय रं ह्यो?"

"मऊ व्हावा म्हणून, सर."

"आणि मग बैल कुठंय?" भाऊसोंनी विचारलं.

फक्कीचं घमेलं धरून उभी असलेली आमच्या वर्गातली प्रियदर्शनी म्हणाली, "हा काय, उभाच हाय की."

हेडमास्तर आलेच. "समदं पुसा. ह्यांची टेप घ्या आणि नव्यानं आखा. आणि मुलाणी, तुमचा तास..."

घमेल्यात फक्की निम्मीसुद्धा नव्हती. सरांनी भाऊसोंपुढं हात केला. टेप मागून घेतली, एका कोपऱ्याशी उकिडवे बसले. एका रेषेवर तीन मीटर, दुसरीवर चार, आणि मग तिरकं माप. बरोबर पाच.

"कोपऱ्याला काय झालेलं न्हाई," ते म्हणाले. "दोर सगळीकडं सारखाच आखडलाय. बाजू कमी झाल्या, कोन न्हाई. ह्या दोन रेषा तशाच पुढं वाढवा. पुसायच्या त्या समोरच्या दोनच. मिलिंद, तू खुंटी. कोपऱ्यावर उभा ऱ्हा. हललास तर तालुका हलंल."

मी उभा राहिलो. टेपचं टोक माझ्या अंगठ्याखाली. समोरच्या दोन रेषा पोरांनी पायानं पुसल्या, नव्या आखल्या, मधलीही सरकवली. प्रियदर्शनीनं जाता-येता माझ्या पायावर फक्की सांडली. खुंटी दिसायला पाहिजे, म्हणाली. शेवटी भाऊसोंनी दोन्ही कर्ण मोजले. सारखे.

"हुतंय की," म्हणत त्यांनी टेप गुंडाळली.

हेडमास्तरांनी घमेल्यात डोकावून बघितलं. तळाला मूठभर फक्की उरली होती. "बाहेरच घ्या तास," म्हणाले. "पण दोर स्वतःजवळ ठेवत जावा."

आमची टीम पहिल्याच सामन्यात हरली. मैदान मापात असल्यामुळं सांगायला कारणही उरलं नाही.

सरांनी मला मारलं नाही. म्हणाले, "दोर आखडला तरी काटकोन काटकोनच का राहिला, सिद्ध करून आण. पक्ष, साध्य, सिद्धता, सगळं पायजे." नववीच्या पुस्तकात त्याला लागणारे समरूप त्रिकोण नव्हते. दहावीच्या होते, पण तोवर सरांची पाटणला बदली झाली.

परवा सांगलीच्या स्टँडवर भेटले. मिशी पिकलीय. मी पाया पडायला वाकलो.

"आणलीस का?"

"साध्य ध्यानात हाय, सर. सिद्धता ऱ्हायलीय."

"गाडीला वेळ हाय. कागद काढ."

कागद होता, पेनही होतं. मी म्हटलं, आधी चहा आणतो. चहा घेऊन आलो तर गाडी लागली होती आणि सर आत बसून खिडकी वितीनं मोजत होते. मी ग्लास वर दिला. त्यांनी सावकाश चहा संपवला आणि रिकामा ग्लास माझ्या हातात ठेवला.

"चहानं फिटत न्हाई रं ते."