हात मागे बांधून लिनक्स

लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी फुकट संगणक-प्रणाली शिकवणारे बहुतेक जण नवख्याला खुर्चीतून उठवून स्वतःच बटणं बडवतात. संताप येतो! राजारामपुरीत लिनक्स शिकवणारा एक गृहस्थ मात्र हात मागे बांधून उभा राहतो.

परवा लग्नपत्रिका टाइप करणाऱ्या एक ताई त्याच्याकडे येऊन आपल्या मशीनवर लिनक्स बसवत होत्या. मी लिनक्सच्या प्रचाराची पत्रकं वाटणारा, म्हणालो, "ते चोरीचं विंडोज आधी पुसा!"

"आणि पत्रिकांचा मराठी फॉन्ट विंडोजवरच चालतो, त्यो काय तुमच्या पत्रकात उघडायचा?" तो खेकसला. "दोन्ही ऱ्हाऊ देत की."

दोन्ही प्रणालींसाठी डिस्कचे भाग पाडायची पायरी आली. चुकीचा भाग पुसला असता, तर सगळ्या पत्रिका गेल्या असत्या. ताईंनी नेमका तोच निवडला, तसा मी माउसकडे झेपावलो. त्यानं माझं मनगट धरलं.

"पावणं, मशीन त्यांचं हाय. ताई, सावकाश वाचा, मग दाबा."

ताईंनी पुन्हा वाचलं, निवड बदलली आणि दाबलं. पत्रिका शाबूत राहिल्या. मग कुठं त्यानं माझं मनगट सोडलं.