वसंताचे वाचक मी अडवले

वसंता गेला त्या सकाळी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे उठंनात..." एवढंच त्या बोलल्या. त्यांच्या घरापर्यंत चालत जाताना मला आदल्या आठवड्यातली भेट आठवत होती. निघताना त्यानं विचारलं होतं, "मास्तर, कुणी काय लिवलं का रं?" आणि मी म्हणालो होतो, "नाही."

वसंता भूमच्या बसस्टँडवर कंट्रोलर होता. निवृत्तीनंतर त्याला ब्लॉगचं वेड लागलं. दर गुरुवारी एका थांब्याची गोष्ट. तिथं कोण चढायचं, कोण उतरायचं, कुणाची सासुरवाडी कुठं. डोळ्यांनी दगा दिलेला, म्हणून तो सांगायचा आणि मी माझ्या कॉम्प्युटरवर टाइप करायचो. सुरुवातीला कोण वाचणार, असं मला वाटायचं. तो हसायचा. "आरं, गाडी ठरल्या वेळंला लागली की माणसं आपसुक थांबत्यात. अन् पुढचा थांबा कुठला ते आधी पुकारायचं." प्रत्येक लेखाच्या शेवटी तो पुढच्या गावाचं नाव सांगायचा आणि त्या गावाला एखादा प्रश्न विचारायचा. आठवडाभरात त्या गावची माणसं उत्तरं लिहायची. तो प्रत्येकाला नाव घेऊन उत्तर द्यायचा, आधी काय लिहिलं होतं तेही त्याच्या ध्यानात असायचं. उमरग्याच्या एका बाईंची आई फक्त कानडी बोलणारी. त्या तिला लेख कानडीत सांगायच्या. हे कळल्यावर वसंता दोन दिवस हवेत होता.

मी जन्मभर मराठी शिकवलं. त्याचं 'लई' मी 'फार' करू लागलो, 'न्हाय'चं 'नाही' केलं, मग वाक्यंच बदलू लागलो. त्याला वाचून दाखवताना मात्र त्याचे मूळ शब्दच वाचायचो. एके दिवशी येडशीच्या कुणीतरी लिहिलं, "आजकाल कुणी मास्तर लिव्हायलाय काय? आमचे कंट्रोलर कुठं गेले?" मला ते झोंबलं. ती प्रतिक्रिया मी काढून टाकली, आणि यापुढं मी मंजुरी दिल्याशिवाय कुणाचं काही दिसू नये, अशी सोय करून ठेवली. पुढच्या चार-दोन प्रतिक्रियांचा सूर तोच होता. त्यानंतर मंजुरीसाठी अडकलेल्या प्रतिक्रियांचं ते पान मी उघडलंच नाही. न तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा कपाटात सारावा, तसं.

दर गुरुवारी तो विचारायचा. मी नाही म्हणायचो. "माझंच कुठंतरी चुकलं," तो म्हणाला, "लोकं कट्टाळली." चार-पाच महिन्यांनी त्यानं ब्लॉग थांबवला. "रिकामी गाडी कशाला पळवायची?" मी तेव्हाही गप्प बसलो. आता सांगायचं तर आधीचं सगळंच सांगावं लागलं असतं... तरी भेटला की तो विचारायचाच.

तेराव्यानंतर मी ते पान उघडलं. माणसं कंटाळली नव्हती. पाडोळीचा एक पेंटर लिहीत होता, "साहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तीनदा दिलं, पोचलं का?" कुणी आपल्या थांब्यावरच्या लिंबाच्या झाडाचा फोटो पाठवला होता. उमरग्याच्या बाईंनी लिहिलं होतं, "आई विचारते, कंट्रोलर रुसले का?" त्यांच्याच पुढच्या प्रतिक्रियेत, "आई गेली. तुम्हाला कळवावं वाटलं." त्याच्याही पुढं कुणीतरी, "मोठा झाला माणूस, आता बोलत न्हाय."

हे लिहितोय ते यासाठी. ज्यांनी लिहिलं, त्यांनी वसंताला शिष्ट समजू नये. येडशीच्या त्या प्रतिक्रियेपासून पुढं तुमची एकही ओळ त्याच्यापर्यंत गेली नाही. ती मी अडवली होती. आज त्या अडवलेल्या सगळ्या प्रतिक्रिया ब्लॉगवर दिसतात.

वहिनींना मी समोर बसून सांगितलं. त्या म्हणाल्या, "काय काय लिवलंय लोकांनी? वाचा." मी वाचू लागलो. लिंबाच्या झाडाशी आलो तेव्हा त्यांनी डोळ्याला पदर लावला. मी थांबलो. "थांबू नका," त्या म्हणाल्या. अंधारून आलं तशा उठल्या. "उद्या या. राहिलेलं वाचायचंय."

आता मी रोज दुपारी जातो. वसंताच्या खुर्चीत बसायला त्या सांगत नाहीत, मीही बसत नाही. खाली सतरंजीवर बसून वाचतो. त्या ऐकतात. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, त्या घरात मला कुणी चहा विचारत नाही.