हिमनदीची सोळा खोकी

आमची आइस्क्रीमची एजन्सी आहे. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत गोदाम, त्यात एक मोठी शीतखोली, आणि घर पुंडलिकनगरला. नवरा गेल्यापासून मी आणि माझे धाकटे दीर मिळून धंदा बघतो. लग्नसराईमुळं मे महिन्यात आम्हाला मान वर करायला फुरसत नसते.

दोन वर्षांपूर्वी, अशाच मे महिन्यात, बाराच्या सुमारास एका बाईचा फोन आला. ती दौलताबादच्या एका हॉटेलातून बोलत होती. तिथल्या आमच्या फ्रीजरवर चिकटवलेला नंबर तिनं पाहिला होता. तिला आइस्क्रीम नको होतं.

"तुमच्याकडे उणे वीसची खोली आहे का?" तिनं विचारलं.

ती हिमनद्यांचा अभ्यास करणारी होती. हिमालयातल्या एका हिमनदीत खोल भोक पाडून काढलेला बर्फ सोळा खोक्यांत भरून गोव्याच्या प्रयोगशाळेत नेत होती. कन्नडचा घाट चढून आल्यावर तिच्या गाडीचं कूलिंग बंद पडलं. पार्ट पुण्याहून यायचा होता, दुसऱ्या दिवशी. फळांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तिनं चौकशी केली होती, पण तिथला थंडावा शून्याच्या वरचा. त्यात बर्फ टिकला नसता.

मी ‘या’ म्हणाले आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की सकाळीच मालाची गाडी उतरली होती. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती.

दीर म्हणाले, "वहिनी, शेवटी बर्फच हाय ना? गावात कारखाना हाय की बर्फाचा. लागंल तेवढा घ्या म्हणावं."

पण तिचा आवाज कानात राहिला होता. आजारी माणसाला कुठल्या दवाखान्यात नेऊ, असं विचारतात ना, तसा. मी दुकानदारांना फोन लावत सुटले. उद्याचा माल आजच घ्या म्हणाले. एका केटररचे स्वतःचे डीप फ्रीजर होते, त्यानं रिसेप्शनची ऑर्डर लगेच उचलली. दीर कुरकुरत का होईना, टेम्पो भरत होते. तासाभरात एक भिंत मोकळी झाली.

गाडी आली. तिशीची मुलगी, नाकावरची कातडी उन्हानं सोललेली, ओठ फुटलेले. प्रत्येक खोक्याला तापमानाचं छोटं यंत्र होतं. दिरांनी एकाचा आकडा वाचला. उणे सहा. मग बाही सरसावून तेच सगळ्यात पुढं झाले, आणि एकही खोकं त्यांनी आपटू दिलं नाही.

दार लावलं आणि अर्ध्या तासात लाईट गेली. जनरेटर पहिल्या दोन खेपांना नुसताच खोकला. ती भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होती. तिसऱ्या खेपेला तो चालू झाला, आणि मी चहा मागवला.

चहा पिताना दिरांनी तिला विचारलं, हा बर्फ पुन्हा जाऊन आणता येत नाय का?

"नाही, काका. पहिल्यांदा गेले तेव्हा मी जिथे बर्फावर उभी होते, तिथे आता दगड आहेत आणि एक तळं. वरचा बर्फही गळतोय. एकेका वर्षाचा थर असतो त्यात. तो वितळला की त्या वर्षाच्या हवामानाचं काहीच कळत नाही."

मग ती हळूहळू बोलत गेली. हिमनदीखालच्या गावात पेरणीच्या वेळी पाटाला पाणी येईनासं झालंय. मेंढ्यांना चारा शोधत आणखी वर जावं लागतं. तळं फुटेल म्हणून लोक धास्तावलेले असतात. ती स्वतः मात्र कोकणातल्या खाडीकाठची. तिची आई ओहोटीला खडकावरची कालवं काढायची. ते खडक आता पूर्वीसारखे उघडे पडत नाहीत. वडिलांच्या भातखाचरात खारं पाणी शिरतं. जगभरचा बर्फ उतरतो, तसा समुद्र सगळीकडंच चढतो, असं ती म्हणाली. इतकी वर्षं थंडावा विकूनही मला यातलं काही माहीत नव्हतं.

पाच वाजता आकडा उणे बारा होता. सातला उणे अठरा. तो वाचून ती गोदामाच्या पायरीवर मटकन बसली आणि म्हणाली, "काकू, मी सकाळपासून काही खाल्लं नाही."

मी तिला घरी नेलं. भाकरी आणि वांग्याची भाजी होती. ती पोटभर जेवली, आणि मी हात धुऊन येईपर्यंत दिवाणावर झोपलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी दुरुस्त झाली. खोकी चढवताना दिरांनी प्रत्येकाचा आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. तिसऱ्या दिवशी गोव्याहून फोन आला. एका खोक्यातल्या बर्फाची कड थोडी ओलावली होती, बाकी सगळा बर्फ जसाच्या तसा. मला इतकं हलकं वाटलं, की समोरच्या दुकानदाराला दोनदा विचारावं लागलं, तुम्हाला काय हवं होतं म्हणून.

दीर टेम्पोत माल भरत होते. मी त्यांना सांगितलं. त्यांनी हातातलं खोकं खाली ठेवलं.

"बरं झालं वहिनी," ते म्हणाले. "लई बरं झालं."