जीपवरची माडी

आधी तो बशीतला चहा पिऊन टाका. मंग हसताना नाकातून आला तर मला बोल लावायचा न्हाई. हा किस्सा मीच सांगितलेला बरा. दुसऱ्या कोणी सांगितला असता तर त्याच्या दारात जाऊन त्याची चामडी लोळवली असती. पण गाढवपणा माझाच आहे, तर मारणार कोणाला?

तर ऐका. मी एका जीपवर माडी बांधली होती.

हसलात ना? थांबा. अजून मी माडीवर चढलेच न्हाई.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. जालन्यात आमचं टांग्यांचे टप शिवायचं दुकान होतं. टप म्हणजे टांग्यावरचं ते घडीचं छत, ओढलं की वर, ढकललं की मागं. आमचे हे लाकडाच्या कमानी वाकवायचे, मी दाभण घेऊन कापड शिवायची. बोलायचं कामबी माझ्याकडंच. गिऱ्हाइकाशी मी, लोहाराशी मी, घरमालकाशी मी. चौथी शिकलेली बाई मी. शाळेनं जेवढे शब्द दिले तेवढे रोजच्या रोज वापरून टाकायचे, शिळे ठेवायचे न्हाईत, असा माझा नेम.

पण टांगेवाले आता नवा टप करायचं सोडून जुन्यालाच ठिगळं लावून राह्यले होते. दुकान टिकायचं तर एकच वाट होती. शेठजींच्या जिनिंगात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गंज्या लागायच्या, त्यांच्यावर टाकायच्या तिरपाली. ते काम मिळालं तर आमचं वर्ष निघत होतं. न्हाई मिळालं तर दुकानाला कुलूप, अन् आम्ही दोघं माझ्या भावाच्या दारात. आता माझी भावजय अन् मी एका चुलीवर! दोन मांजरी एका पोत्यात घालून पोत्याचं तोंड शिवायचं, तसली गत.

शेठजी मारवाडी, पण तीन पिढ्या जालन्यातच. माणूस इतका मऊ की रागावला तरी समोरच्याला वाटावं, आशीर्वाद देऊन राह्यला. त्यांनी पलटणीच्या लिलावात एक जीप घेतली होती. कापूस बघायला भोकरदन, जाफराबाद, मंठ्याकडं खेड्यापाड्यांतून फिरायचे. संगं मुनीमजी, डायव्हर करीमभाई, अन् शेठजींच्या आई. त्यांना सगळे माँसा म्हणायचे.

आई कशाला, म्हणाल. तर शेठजी बाहेरचं खात न्हाईत, अन् दिवस बुडाला की बिलकुल काहीच न्हाई. म्हणून सत्तरीच्या माँसा शेगडी, पापडाचा डबा अन् पाणी गाळायचं फडकं घेऊन जीपमध्ये. मुक्कामाला त्या जीपमध्ये निजायच्या अन् बाकीचे तिघं खाली जमिनीवर.

एके दिवशी शेठजी लंगडत दुकानात आले. जीपचं छत गळत होतं, ठिगळ लावायचं होतं.

"पायाला काय झालं, शेठजी?"

"इच्चू चावला, बाई. मंठ्याकडं."

"मारला का न्हाई?"

"अरे राम! जीव आहे तो."

घ्या! इच्चू मारायचा न्हाई, अन् त्याच्या शेजारी निजायचंबी न्हाई. माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. तेव्हाच कोणीतरी फुंकर मारून विझवायला पाहिजे होता.

"शेठजी, ठिगळ सोडा. जीपवर माडी बांधते. दिवसा घडी, गाव आलं की दांडी ओढायची, भस्सकन वर! टांग्याच्या टपासारखी. आत फळी, फळीवर गादी. वर निजा आरामात."

"वर? पर बाई, खाली तर..."

"खाली माँसा. वर तुम्ही तिघं. इच्चवाला कुठं शिडी चढता येती?"

"वो बराबर. पर मैं क्या बोलतो..."

"पर-बिर काही न्हाई! माडी पसंत पडली तर तिरपालीचं काम आमचं. बोला!"

शेठजींनी आमच्या ह्यांच्याकडं बघितलं. आमच्या ह्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडं बघितलं.

"ठीक है," शेठजी म्हणाले.

आता व्यापारी माणूस जराबी घासाघीस न करता 'ठीक है' म्हणाला, तर शहाण्या बाईनं तिथंच ओळखावं की नको? मी उलट चढले हरभऱ्याच्या झाडावर.

पंधरा दिवस खपलो आम्ही. फळ्या, त्यांवर कमानी, कमानींवर दुहेरी कापड. वर उसळायला मोडक्या लॉरीच्या गादीतल्या स्प्रिंगा. अन् धक्क्यानं रस्त्यात उघडू नये म्हणून पेटीला असतात तशा दोन कड्या, झाकण बसलं की आपोआप खट्.

पहिली परीक्षा जिनिंगाच्या आवारात, भर दुपारी. माँसा सावलीला म्हणून जीपमध्ये माळ ओढत बसलेल्या. मी दांडी ओढली. छत असं उसळलं की मुनीमजींची टोपी लिंबाच्या झाडावर! कावळा बसलेला होता तो उडाला, टोपी बसली.

शेठजी वर चढले, आडवे झाले. गुडघे पोटाशी घेऊन, पोळीत भाजी गुंडाळावी तसे.

"पाय पसरा की, शेठजी!"

"नको, बराबर आहे," म्हणाले, अन् तेवढ्यात खाली उतरलेबी. "काम अच्छं झालं, बाई. पर हवा कमी आहे."

हवा? पौषाच्या थंडीत ह्यांना हवा पाहिजे! पण म्हटलं, गिऱ्हाईक आहे. दोन्ही बाजूंना खिडक्या कापल्या, जाळ्या शिवल्या. अन् त्यांनी पाय पोटाशी घेतले होते ना, म्हणजे लांबी कमी पडली. फळ्या हातभर वाढवल्या.

दुसऱ्या परीक्षेला मुनीमजी. फासावर चढावं तसे चढले. तेबी गुडघे पोटाशी! डोळे मिटलेले, ओठ हलत होते. बहुतेक देवाची माफी मागत होते.

"काय मुनीमजी, हवा आहे ना?"

"हवा भरपूर, गंगाबाई. पर बैठने को उंची न्हाई."

"निजायची जागा आहे ती, मुनीमजी! उठून हिशेब लिहायचाय का तिथं?"

पण वाढवली. उंची हातभर अन् लांबी अजून वीतभर. आता ती घडी मिटली तरी जीप दिसायची डोक्यावर गवताची गंजी घेतलेल्या म्हातारीसारखी.

रात्री आमचे हे जेवताना म्हणाले, "अगं, मला वाटतं, त्यांचं दुखणं वेगळंच..."

"तुम्ही कमानी वाकवा!"

त्यांनी भाकरी मोडली.

तिसऱ्या परीक्षेला करीमभाई. हा माणूस इंजिनाच्या खाली घुसून झोपणारा. त्यानं तर वर पाऊलच कसंबसं ठेवलं, बसल्या बसल्या अंगाची मोट केली अन् उतरला.

"क्या हुआ, करीमभाई?"

"हिलताय, बाई. लकडी सिर कू लगती."

"जीप उभी आहे! बंद आहे! कशी हिलून राह्यली?"

"चलेगी तब हिलेगी ना."

मुक्कामाला निजायची माडी, ती जीप चालल्यावर हलेल म्हणून तक्रार! तरी मी शेठजींच्याच जिनिंगातनं सरकी काढलेला कापूस आणला अन् छताला आतून ही जाड गादी शिवली. चार बोटं दाभणानं फुटली माझी. आमचे हे पुन्हा म्हणाले, "ऐक तरी..." मी म्हटलं, "दोरा द्या."

आता जाफराबादेकडं निघायच्या आधीचा दिवस आला. चौथी परीक्षा. मला वाटलं, आता खोट काढायला जागाच उरली न्हाई. तर शेठजी हळूच म्हणाले, "बाई, तकलीफ झाली तुम्हाला. पर आम्ही खालीच निजतो. आदत आहे."

"अन् इच्चू?"

"त्याचीबी आदत होईल."

माझ्या डोक्याची शीर उठली. भावजयीचा चेहरा डोळ्यांपुढं आला, हातात झाडू घेऊन माझी वाट बघून राह्यलेली. मी ओरडले, "इच्चू चालतो, पण माझी माडी चालत न्हाई? खोट काय आहे, सांगा! मुनीमजी, तुम्ही सांगा! करीमभाई!"

तिघंबी जमिनीकडं बघायला लागले. जमिनीत काही पेरलं होतं काय!

"कोणी सांगत न्हाई ना? मंग मीच निजून दाखवते!"

नऊवारीचा काचा खोचला अन् चढले वर. मस्त आडवी झाले. गुडघे पोटाशी घेणारी बाई न्हाई मी. पाय सरळ लांब केले, आळस दिला, वरून ओरडले, "बघा! सातारच्या राणीला न्हाई असली माडी!"

तेवढ्यात फळीवर खालून टकटक झालं. माँसांची काठी.

"ऊपर कोण?"

"मी, माँसा! गंगा!"

"निजली का गं?"

"निजले! ऐसपैस! पाय लांब करून!"

"हां. पाय कुठं आले तुझे?"

"पाय ना? पाय इकडं, बराबर तुमच्या डोक्या..."

तिथं माझी जीभ जी अडकली, ती आयुष्यात पहिल्यांदा.

अहो, बराबर माँसांच्या डोक्यावर! अन् कोण निजणार होतं तिथं? त्यांचा पोरगा! त्यांचा मुनीम! त्यांचा डायव्हर! सगळे पाय एका म्हातारीच्या डोक्यावर! म्हणून ते गुडघे पोटाशी. म्हणून हवा कमी अन् उंची कमी अन् उभी जीप हलती. आमच्या घरी वडीलधाऱ्याला चुकून पाय लागला तर पाया पडतात. मी स्वतः सासूच्या दिशेनं कधी पाय केला न्हाई. तोंड केलं, ते वेगळं. अन् इतके दिवस मी लांबी मोजली, रुंदी मोजली, स्प्रिंगा मोजल्या. कोणाच्या डोक्यावर कोणाचे पाय, हे मोजायचंच राह्यलं!

लाजेनं मी धडपडून उठायला गेले. उठताना आधाराला हात घातला तो वरच्या कमानीला. माझं वजन काय सांगू, कमान माझ्यासकट खाली आली. अन् माझ्याच हातच्या दोन कड्या, खट्! खट्!

आतून उघडायची सोय? ती माझ्या डोक्यात आली असती तर मंग काय पाहिजे होतं!

आत मी पालथी, बरणीतल्या लोणच्यासारखी दाबलेली. जाळ्या घडीत गेल्या. अन् ती जाड गादी, करीमभाईच्या डोक्याला लागू नये म्हणून शिवलेली, ती बसली बराबर माझ्या तोंडावर. श्वासापुरती फट होती, पण ओरडण्यापुरती न्हाई. मी शिव्या देऊन राह्यले होते; बाहेर जात होतं नुसतं "हंबं, हंबं."

पण बाहेरचं मला सगळं ऐकू येत होतं.

आधी कोणीतरी घसा खाकरला. मंग शेठजींचा आवाज. "आता बोलू का?"

"बोला," आमचे हे म्हणाले. "आता बोला."

अन् मंग, देवा रे, धरण फुटलं! शेठजी म्हणाले, पहिल्याच दिवशी सांगणार होतो. मुनीमजी म्हणाले, मी वर चढण्याआधी माँसांच्या पाया पडून आलो होतो. करीमभाई म्हणाला, "अम्मीजान के सिर पे पैर? तौबा तौबा!"

"मंग मला कोणी सांगितलं का न्हाई?" असं मी आतून विचारलं. बाहेर "हंबं" गेलं.

अन् मंग बोलले आमचे हे. लग्नाला वीस वर्षं झाली होती. वीस वर्षांत मिळून बोलले नसतील तेवढं एका दमात बोलले. आवाज खणखणीत, एकबी शब्द अडला न्हाई. म्हणाले, "शेठजी, ही माडी वर न्हाई, बाजूला पाहिजे. जीपच्या कुशीला टप बांधू. ओढला की बाहेर, त्याच्याखाली तीन घडीच्या खाटा, खाटांचे पाय पाण्याच्या वाट्यांत. इच्चू येत न्हाई अन् कोणाच्या डोक्यावर कोणी न्हाई. मला पहिल्या दिवशीच सुचलं होतं."

पहिल्या दिवशीच! मी आत लाथा झाडल्या. सगळी जीप गदगदली.

"अन् तिरपालीचं बघा," हे पुढं म्हणाले. "शिलाई तिची आहे. तिच्या तोंडाकडं बघू नका, हाताकडं बघा."

शेठजी जवळ आले असावेत. आवाज अगदी माझ्या कानापाशी आला. "शिलाई तर दिसून राह्यली. बाई इतकी उसळून राह्यल्या, पर एक टाका उसवला न्हाई. बिलकुल न्हाई. माँसा, तुम्ही काय म्हणता?"

"दे दो," माँसा म्हणाल्या. "काम पक्का है."

तर अशी मी, पालथी पडून, तोंडात कापूस घेऊन, जिनिंगाच्या सगळ्या तिरपालींचं काम मिळवलं. दुकान वाचलं. भावजय वाचली.

"आता उघडायचं का?" मुनीमजींनी विचारलं.

"थांबा जरा," आमचे हे म्हणाले. "कापड कधी पाठवता, ते ठरू द्या आधी."

कड्या निघाल्या तेव्हा गादीच्या विरळ कापडातून गाळून आलेला कापूसच कापूस माझ्या केसांत, नाकात, भुवयांवर. म्हातारी होऊनच बाहेर आले. माँसांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला अन् हातात एक पापड दिला. बोलल्या काही न्हाईत. बोलायला कोण देणार, असं त्यांना वाटलं असंल.

बाजूचा टप आमच्या ह्यांनी आठ दिवसांत केला. शेठजी पुढं कैक वर्षं त्याखाली निजले. अन् वरची ती माडी उतरवून आमच्या दुकानात आली, अजून मागच्या भिंतीला टेकून उभी आहे. कैक जणांनी मागितली. एक जण कोंबड्या ठेवायला मागत होता, एक बकऱ्यांना. मी तर म्हटलं, जाळून टाका एकदाची!

पण आमचे हे देईनात. दर दिवाळीला तिची धूळ झटकतात, कड्यांना तेल देतात. मी विचारलं, "कशाला जपता ते धूड?"

तर म्हणाले, "असू दे. कधी घरात काही महत्त्वाचं बोलायचं असलं तर लागंल."