ज्योत हिरवी झालीच नाही

वाशीतली ती दुपार माझ्या मनातून अजून गेलेली नाही. नव्वदचं दशक सरत आलं होतं. सेक्टरासेक्टरात कॉम्प्युटर क्लास निघाले होते, आणि तेव्हा माणसांपेक्षा कॉम्प्युटरचेच लाड जास्त. माणूस घामाने निथळला तरी चालेल, पण कॉम्प्युटरला गारवा हवाच. त्यामुळे प्रत्येक क्लासच्या खिडकीत एसी असायचा. अशाच एका क्लासमध्ये भडका उडाल्याचा फोन आला तेव्हा मी पोलीस ठाण्यात, ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी चहा घेत उभा होतो. चहा तसाच ठेवून निघालो.

आम्ही पोचलो तेव्हा अग्निशमन दलाने आग विझवली होती. पडदे जळाले होते, खिडकीकडची भिंत काळीठिक्कर पडली होती. बॅच नुकतीच सुटली होती म्हणून मुलं वाचली. भाजला होता तो एसी दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक. साताऱ्याकडचा, तिशीतला माणूस. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते आणि त्याला रुग्णालयात हलवलं होतं.

क्लासच्या मालकाने तिथल्या तिथे सांगून टाकलं, "साहेब, विडी ओढत असणार हा. या लोकांना कितीही सांगा, ऐकतात थोडंच!"

त्याने तशी रीतसर फिर्याद दिली आणि आगीबाबत हयगय केल्याचा गुन्हा मेकॅनिकवर दाखल झाला. पंचनाम्याच्या वेळी मी त्याची पिशवी पंचांसमोर उलटी केली. पाने, पक्कड, तंबाखूची डबी, काडेपेटी. विडी कुठेच नव्हती. खिडकीखाली मात्र एक छोटा पितळी दिवा पडला होता, त्याला रबरी नळी जोडलेली. फिर्यादीत या दिव्याचा शब्दही नव्हता. फिर्यादी जे सांगतो ते ऐकावं, पण जे सांगायचं राहिलं तिथून तपास सुरू करावा, ही माझी जुनी सवय.

रुग्णालयात मेकॅनिक शुद्धीवर होता. उशाशी त्याची बायको बसली होती. मी दिव्याचं विचारलं.

"साहेब, गॅस कुठनं गळतोय ते बघायचा दिवा हाय तो. आमी सगळेच वापरतो. नळीचं तोंड जोडाजोडावरनं फिरवायचं. गॅस गळत असला की ज्योत हिरवी हुती. एसीचा गॅस पेटत नाय, मग भ्यायचं कशाला?"

"मग आज काय झालं?"

"हिरवी झालीच नाय. पिवळी झाली आन् भसकन अंगावर आली. त्या मशीनमदी एसीचा गॅस नव्हताच, साहेब. सैपाकाचा गॅस हुता. स्वस्तात पडतो आन् गारबी करतो."

"वास नाही आला?"

"आला की! पण खाली हॉटेल हाय. मला वाटलं, त्यांच्याच भटारखान्यातनं येतोय."

इमारतीच्या तळमजल्यावर हॉटेल होतं, हे मी पाहिलं होतं. अग्निशमन अधिकाऱ्यांनीही तेच सांगितलं. एसीचा नेहमीचा गॅस असा भडकत नाही. त्या यंत्रात कोणीतरी दुसरंच काही भरलं होतं. दुरुस्तीवाल्यांना निर्धास्तपणे ज्योत लावायची सवय आणि यंत्रात घरगुती सिलिंडरमधला गॅस!

बायकोने भीत भीत विचारलं, "साहेब, यांना जेल हुईल का हो?"

मी काही बोलायच्या आत नवऱ्यानेच तिला थांबवलं. "माझं मागनं बघा, साहेब. ज्यानं ह्यो गॅस भरलाय, त्यानं काय एकाच ठिकाणी भरला नसंल. उन्हाळा हाय, रोज तक्रारी येत्यात. आमच्यातलाच कुणीतरी उद्या असाच दिवा घिऊन दुसऱ्या मशीनपुढं बसंल. त्याला कोण सांगणार?"

मी क्लासच्या मालकाला पुन्हा बोलावलं. आधीच्या खेपेला गॅस कोणी भरला? तो गुळमुळीत बोलू लागला. एक ठेकेदार दारावर आला होता, स्वस्तात भरून गेला, पावती नाही, नावही ठाऊक नाही. मी सगळ्या ओळखीच्यांना सांगून ठेवलं, की एसीवाला आणि लाल सिलिंडर एकत्र कुठे दिसले तर कळवा.

खबर आणली ती सानपाड्याच्या गावठाणातल्या एका आगरी मावशींनी. त्यांनी आपली खोली एका एसीवाल्या ठेकेदाराला भाड्याने दिली होती. ठाण्याच्या बाकावर बसून त्यांनी आधी पदराने वारा घेतला आणि मग मुद्द्याला हात घातला.

"साहेब, तो एकला मानूस हाय. खानावलीन जेवतं. घरान चूल नाय, शेगडी नाय. मंग त्याला एवऱ्या गॅसच्या टाक्या कनाला लागतान?"

असा नेमका प्रश्न मला कायद्याच्या परीक्षेतही कोणी विचारला नव्हता. आम्ही पंचांसह त्या खोलीवर गेलो. घरगुती सिलिंडर मिळाले, नळ्या मिळाल्या आणि गिऱ्हाइकाला परत द्यायला तयार ठेवलेला एक एसीही मिळाला. ठेकेदाराला ठाण्यात आणलं, मुद्देमाल मागच्या मोकळ्या आवारात ठेवला.

ठेकेदार बोलण्यात पटाईत होता. सिलिंडर मित्राचे, नळ्या जुन्या, एसीत गॅस अस्सल. हेच तो निरनिराळ्या चालींत ऐकवत राहिला. आवाज चढवून उपयोग नव्हता. असल्या माणसाची जीभ शेवटपर्यंत खोटं बोलते, पण जिवावर बेतलं की पाय खोटं बोलत नाहीत. मी त्याला आवारात नेलं, त्या एसीशेजारी खुर्ची टाकून बसवलं आणि हवालदारांना तो पितळी दिवा आणायला सांगितला.

"गॅस अस्सल आहे ना? मग ज्योत हिरवी होईल. आपण दोघं मिळून बघू," मी म्हणालो आणि त्याच्या शेजारी बसलो.

हवालदारांनी दिवा एसीपाशी नेला आणि खिशातून काडेपेटी काढली. ठेकेदार खुर्ची उलथून भिंतीपर्यंत पळाला.

"साहेब, नको! लावू नका! अख्खं ठाणं पेटेल!"

काडेपेटी रिकामी होती. काड्या मी आधीच काढून घेतल्या होत्या. पण त्याचं लक्ष आता काडेपेटीकडे नव्हतंच. तो घळाघळा रडत होता. मी त्याला पाणी दिलं आणि एवढंच म्हणालो, "कबुली नंतर लिहून घेईन. आधी सांग, आणखी कुठे कुठे भरलायस?"

त्याला पत्ते आठवत नव्हते. खिडक्यांच्या जाळ्या तेवढ्या आठवत होत्या. मग आम्ही त्याला जीपमध्ये बसवून वाशी, सानपाडा, नेरूळ पालथं घातलं. तो वर बघत बोट दाखवायचा. एक दवाखाना, एक झेरॉक्सचं दुकान, एका सोसायटीतला फ्लॅट. एसीला कोणी हात लावू नये म्हणून प्रत्येक ठिकाणी मी एकेक शिपाई ठेवला. सगळ्यात शेवटी त्याने नेरूळमधल्या एका प्रसूतिगृहाकडे बोट दाखवलं.

आत जाऊन एसीचं विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, "बरं झालं विचारलंत! एसी गार करत नाही म्हणून सकाळीच तक्रार दिलीय. मेकॅनिक येतोच आहे."

मी सिस्टरना तो एसी कुठे आहे ते विचारलं. तो तपासणीच्या खोलीत होता आणि शेजारच्याच खोलीत बाळंतिणी होत्या.

आम्ही आधी त्यांना आणि बाळांना दुसऱ्या बाजूला हलवलं. आमचा मेकॅनिक तोवर घरी आला होता. हातांना पट्ट्या बांधलेल्याच होत्या. त्याला आणि अग्निशमन दलाला बोलावलं. तो दारात उभं राहून सांगत होता आणि अग्निशमन दलाचे जवान करत होते.

"खोलीतलं बटन दाबू नका, ठिणगी पडंल. बाहेरनं मेन बंद करा. खिडक्या उघडा, दारं उघडी ठेवा. ह्यो गॅस जड असतो, फरशीलगत साचतो."

सिस्टरनी विचारलं, "गच्चीवर नेऊन सोडला तर?"

"नको बाई, पावसाच्या पाइपातनं खाली उतरंल. मोकळ्या मैदानात न्या."

मागे सिडकोचा रिकामा प्लॉट होता. तिथे यंत्र नेलं आणि सगळ्यांना लांब उभं करून गॅस हळूहळू सोडला. आमच्या हवालदारांना विडीशिवाय चैन पडत नसे, म्हणून त्यांना मी मुद्दाम जीपपाशीच उभं केलं. ते माझ्यावर दिवसभर रुसून होते. काम चालू असतानाच तक्रारीवरचा मेकॅनिक पिशवी घेऊन आला. पिशवीतून पितळी दिव्याची नळी डोकावत होती. आमच्या मेकॅनिकने त्याला बाजूला घेतलं आणि आपले पट्ट्या बांधलेले हात त्याच्यापुढे धरले. त्या पोरगेलशा माणसाने पिशवी तिथेच खाली ठेवली.

ठेकेदारावर गुन्हा दाखल झाला आणि पुढे त्याला शिक्षाही झाली. मेकॅनिकविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मी न्यायालयाला पाठवला आणि त्याचं नाव आरोपीऐवजी साक्षीदार म्हणून लागलं. त्या उन्हाळ्यात त्याने आपल्या धंद्यातल्या लोकांना आमच्या ठाण्याच्या आवारात जमवून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. आधी नाक वापरा, मग जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघा. यंत्रात काय भरलंय याची खात्री झाल्याशिवाय काडी ओढू नका. हात बरे झाल्यावर तो पुन्हा कामावर गेला.

नोकरीत मी पुष्कळ कबुल्या लिहून घेतल्या. खरं सांगायचं तर बहुतेक माणसं ठाण्यात आली की स्वतःपुरतंच बोलतात, आणि त्यात त्यांचं चुकतं असंही नाही. पण अंगावर गुन्हा, हात भाजलेले, बायको उशाशी घाबरून बसलेली, अशा वेळी 'माझं मागनं बघा' म्हणणारा मला तो एकच भेटला. त्याच्या त्या एका वाक्याने माझा तपास बदलला. झालेल्या आगीचा गुन्हेगार शोधायला निघालेला मी न झालेल्या आगी शोधू लागलो. त्यांची नोंद कुठल्या स्टेशन डायरीत होत नाही. प्रसूतिगृहातल्या त्या बाळंतिणींना तर आपल्याला का हलवलं हेही कळलं नाही. एकीने फक्त जरा चिडून विचारलं होतं, "साहेब, आता आत जाऊ का? बाळाला झोप आलीय."

मी म्हणालो, "जा बाई, खुशाल जा."