बरणीत काय आलं?

शेवटची भेटले तेव्हा आक्काचे हातपाय गेले होते. बोलणं तेवढं उरलं होतं, तेही खोल गेलेलं. दवाखान्याच्या खाटेवरून तिने मला एकच विचारलं, "विजे, बरणीत काय आलं गं?" मी म्हणाले, "आलंय आक्का. तू म्हणलीस त्येच." तिने डोळे मिटले... बरं वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी तिला श्वासाचं यंत्र लावलं आणि त्याच आठवड्यात तिच्या भावाचा फोन आला. मी तिच्याशी खोटं बोलले होते. बरणीत काही येण्याआधीच आमच्या लॅबच्या साहेबांनी ती कचऱ्यात रिकामी केली होती. सव्वा महिना झाला. लोक म्हणतात, झालं गेलं विसर. मी विसरणार नाही, आणि साहेब रविवारच्या चहाबरोबर ज्या पुरवण्या चाळतात, त्यांतल्याच एकीत हे मुद्दाम लिहिते आहे.

सुनंदाआक्का निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत राबली आणि लेकीला शिकवलं. बेळगावात कॅम्पाजवळच्या एका खाजगी लॅबमध्ये आक्का जनावरांचे नमुने तपासायची, म्हणजे गाभडलेल्या, अवेळी गर्भ पडलेल्या गाईम्हशींचे आणि पोल्ट्रीतल्या कोंबड्यांच्या विष्ठेचे. मी हिंडलग्याहून तिथे कामाला लागले आणि तिच्या हाताखाली शिकले. कॅम्पिलोबॅक्टर नावाच्या जंतूवर तिचा विशेष राग होता. तो कोंबडीच्या आतड्यात सुखाने नांदतो, कोंबडीला काही होत नाही, माणसाला मात्र रक्ताचे जुलाब लावतो. प्लेटवर वाढवायचा तर त्याचे लाड फार. कोंबडीच्या अंगाएवढी ऊब हवी, हवा कमी हवी आणि दोन दिवस कुणी हात लावता कामा नये. हवा कमी करायचं यंत्र साहेबांनी कधी घेतलं नाही. म्हणून आक्काने आईची लोणच्याची काचेची बरणी आणली. आत प्लेटा रचायच्या, त्यांच्यावर मेणबत्ती लावायची, झाकण घट्ट बसवायचं, आतली हवा जळून कमी झाली की ती आपोआप विझते, आणि बरणी इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. पहिल्यांदा आतली मेणबत्ती विझलेली बघून मी झाकण काढायला धावले, तर ती ओरडली, "हात लावू नगंस! इझू दे. ती इझल्यावरच काम सुरू हुतंय."

आक्काची एक खोड होती. नमुने आणायला गेल्यावर कुणी गूळपाणी दिलं, की ती पेला रिकामा केल्याशिवाय उठायची नाही. मी एकदा रागावले. ती म्हणाली, "माझ्या आईला वरनं वंजळीत पाणी वतायची ही माणसं. आता पेल्यातनं देत्यात. न्हाय कसं म्हणू?" उचगावकडच्या एका पोल्ट्रीत ती असंच तिथल्या विहिरीचं पाणी प्यायली. शेडचं घाण पाणी त्या विहिरीकडे मुरतं, हे तिनेच आधी दोनदा रिपोर्टात लिहिलं होतं आणि साहेबांनी दोन्ही वेळा ती ओळ काढून टाकली होती. मालक मोठं गिऱ्हाईक. त्याच विहिरीचं पाणी तिथल्या कामगारांची घरं पितात. "ठावं असून प्यालीस व्हय?" असं मी विचारलं, तर ती हसून नमुने लावायला बसली.

तीन दिवसांनी तिला जुलाब सुरू झाले. तिने स्वतःचा नमुना बाटलीत घालून माझ्या हातात दिला. "लाव बरणीत. माझ्यातच घावला तर मालक कुठं पळंल?" शनिवारी संध्याकाळी मी बरणी लावली. सोमवारी कामावर गेले तर बरणी धुऊन पालथी घातलेली. साहेब म्हणाले, "रविवारी पाहुणे आले होते लॅब बघायला. मेणबत्ती विझलेली दिसली. वाया गेलं म्हणून टाकून दिलं." बारा वर्षं हा माणूस त्या लॅबचा मालक आहे. बारा वर्षं ती बरणी त्याच्या डोळ्यांसमोर होती.

तोवर जुलाब थांबले होते, औषधंही सुरू झाली होती, दुसरा नमुना लावून उपयोग नव्हता. पंधरवड्यात तिच्या पायांना मुंग्या आल्या, मग पाय गेले, मग हात. डॉक्टर म्हणाले, या जंतूनंतर कधीकधी शरीर आपल्याच नसांवर उलटतं. आधीचा काही रिपोर्ट आहे का? नव्हता. असता तरी ती वाचली असती असं मी म्हणत नाही. पण तिचं मरण बिनपुराव्याचं झालं, आणि शोकसभेत साहेबांनी तिच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून भाषण केलं. मी तिथूनच उठले. लॅबमध्ये गेले, राजीनामा टेबलावर ठेवला आणि बरणी उचलली.

त्या विहिरीचं पाणी मी स्वतः शेंदून आणलं. खानापूरला एक मैत्रीण कॉलेजात शिकवते, तिच्या इन्क्युबेटरमध्ये बरणी ठेवली. पाणी गाळून तो गाळणकागद प्लेटवर ठेवला होता. दोन दिवस मी झाकणाकडे नुसती बघत बसले. तिसऱ्या दिवशी राखाडी, ओलसर वाढ दिसली. काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तर उडत्या बगळ्यासारखे वाकडे जंतू. पुढच्या चाचण्यांतही तोच निघाला. "आलंय आक्का," मी मोठ्याने म्हणाले. मैत्रीण दचकली.

रिपोर्ट मी कामगारांच्या बायकांना वाचून दाखवला, मग पंचायतीत दिला. चार दिवसांत पोल्ट्रीचा मालक माझ्या दारात. "ताई, आपसात मिटवूया की." मी त्याला बसवलं, गूळ ठेवला, पेला भरून दिला. त्याने तोंडाला लावायच्या आत सांगितलं, "तुमच्याच हिरीचं पाणी हाय. आक्कानं समदं पिलं हुतं. प्या." त्याचा हात थांबला. पेला त्याने हळूच खाली ठेवला. तो प्यायला लागला असता तर मी त्याचा हात धरला असता का, खरंच सांगता येत नाही. विहीर त्याच आठवड्यात बुजली आणि कामगारांच्या दारात नळ आला.

साहेबांचा मात्र परवा निरोप आलाय: बरणी लॅबची आहे, परत कर. तिथे आता हा जंतू कुणालाच वाढवता येत नाही म्हणे. साहेब, बरणी निपाणीच्या एका वखारीतल्या बाईची आहे आणि ती माझ्या फळीवर आहे. हवी असेल तर स्वतः या. मी तुमच्यासमोर आत मेणबत्ती लावीन, झाकण बसवीन. ती विझली की तुम्ही फक्त सांगायचं, झाकण कधी काढायचं.