नानामिस्त्री आणि एवढासा वॉल

गॅरेजात ऊठबस असली की अंगावर काजळी साठते आणि डोक्यात किस्से. काजळी रॉकेलने जाते हो, किस्से कशाने जाणार? मी तेव्हा पोलादपूर-महाड जीप टॅक्सी चालवायचो. जीप बिघडली की महाडला नानामिस्त्रींकडे. म्हणजे आठवड्याला एकदा दर्शन पक्कं!

*

एकदा कार्बुरेटरमधून पेट्रोल नुसतं वाहत होतं. नानांनी तो खोलून आतला वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, तळहातावर ठेवला. पेट्रोल हवं तेवढंच आत सोडायचं, हे त्याचं काम. आकाराने भाताच्या दाण्याहून थोडा मोठा!

"एवढ्याशानं जीप अडली?"

"डोळ्यात कुसळ गेलं की पैलवान अडतो का नाय रे?" नाना म्हणाले.



*

वॉल बदलायचा म्हणजे सोहळाच! बारीक पार्ट हरवू नये म्हणून नाना जमिनीवर स्वतःचं धुतलेलं धोतर अंथरायचे. चपला लांब, विड्या बंद. बाजाराला आलेल्या एका आजीने हे बघितलं, डोक्यावर पदर घेतला आणि कार्बुरेटरपुढे सुपारी ठेवून हात जोडले. आम्ही हसणार, तोच नाना ओरडले, "सुपारीला कुनी हात लावू नका!"

नवा वॉल बसला आणि हँडलच्या पहिल्याच फेऱ्याला इंजिन सुरू! तेव्हापासून नानांच्या टूलबॉक्समध्ये पान्यांशेजारी सुपारी.

*

वॉल गळतो का, हे नाना तोंडाने हवा ओढून बघायचे. जिभेला चिकटला की पास! तोंडाला कायम पेट्रोलचा वास, म्हणून घरी काकू वैतागायच्या, "चुलीपाशी येऊ नका, घर पेटंल!"

*

आणि हे तर मी डोळ्यांनी पाहिलंय. पोलादपूरच्या वरच्या वाडीतली एक सून बाळंतपणात अडली होती. तिला मागे निजवून महाडच्या दवाखान्यात निघालो. सोबत तिची सासू, आणि पोलादपूरला कामाला आलेले नाना. अर्ध्या वाटेत जीप बंद! टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा वॉल तुटला होता. नवा वॉल गॅरेजात, आम्ही रस्त्यावर. सून कण्हत होती. 

नानांनी बॉनेट काढलं, टाकीतलं पेट्रोल डब्यात घेतलं आणि त्यात सोडलेली रबरी नळी थेट कार्बुरेटरला जोडली. "डबा उंच ऱ्हायला की पेट्रोल आपसूक उतरंल. पन मला नळी दाबून धरायची हाय. डबा धरनार कोन?"

सासूने कासोटा खोचला, इंजिनाशेजारी पुढच्या मडगार्डवर बसली, पदराची चुंबळ केली आणि डबा डोक्यावर! नाना नळी धरून पलीकडच्या मडगार्डवर. दोन्ही हात गाडी धरायला मोकळे.

"मावशी, दमलीस तर सांग," मी म्हणालो.

"दरीतनं हंडं आनताना कोन इचारतं रे? हाक गाडी!"

महाडपर्यंत थेंब सांडला नाही. रस्त्याकडे बघू की तिच्याकडे, मला कळेना. असं धैर्य मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

दवाखान्यात सुनेला आत नेलं. मी इंजिन बंद केलं. नाना डबा उतरवायला पुढे झाले.

"ऱ्हाऊ दे," सासू म्हणाली, "आधी आत पोर रडू दे."

ती तशीच बसून राहिली. आतून ट्यँहा ऐकू आलं, तेव्हा कुठे तिने डोक्यावरचा डबा खाली ठेवला.